छाटणीची तारीख बदलते तेव्हा : सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थी प्रकल्पाचा अभ्यास

परिस्थिती

नाशिकमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला सॉफ्टवेअर अभियांत्रिकी शिकवताना पहिल्या सत्रात, म्हणजे जुलै ते नोव्हेंबर या काळात, एक प्रकल्प राबवण्यात आला. त्या प्रकल्पात एका गटाने लिहिलेला कोड दुसऱ्या गटाच्या हाती गेल्यावर काय घडले, याचा हा अभ्यास आहे.

हा विषय शिकवताना येणारी मूळ अडचण आधी सांगायला हवी. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने जी परिषद भरली, तिच्यात जमलेल्या जाणकारांची मुख्य चिंता अशी होती की मोठ्या संगणकप्रणाली ठरल्या वेळेत आणि ठरल्या खर्चात पूर्ण होत नाहीत, आणि झाल्या तरी त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. ही चिंता मोठ्या कामाची आहे. अनेक माणसे, अनेक वर्षे आणि सतत बदलणाऱ्या गरजा एकत्र आल्या की ती उद्भवते. महाविद्यालयातला विद्यार्थी मात्र प्रोग्रॅम एकट्याने लिहितो, प्रॅक्टिकलच्या दिवशी एकदा चालवून दाखवतो आणि नंतर ती फाइल पुन्हा उघडत नाही. ज्या दुखण्यांसाठी हा विषय जन्माला आला, त्यांपैकी एकही त्याच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे वॉटरफॉल आणि अजाइल या काम करण्याच्या दोन पद्धतींतील फरक पाठ होतो, यूएमएलच्या, म्हणजे प्रणालीची रचना दाखवणाऱ्या, आकृत्या सबमिशनच्या आदल्या रात्री आधीच लिहून झालेल्या कोडवरून काढल्या जातात, आणि गरजांचा दस्तऐवज सर्वांत शेवटी तयार होतो.

गटात काम दिले तरी चित्र फारसे बदलत नाही. चौघांपैकी एक जण कोड लिहितो, दुसरा अहवाल, तिसरा सादरीकरण, आणि चौथा छपाई व बाइंडिंग पाहतो. पैसे देऊन तयार प्रोजेक्ट मिळतात, हे विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही माहीत आहे, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने ग्रंथालय व्यवस्थापन किंवा हॉटेल बुकिंगसारखा प्रकल्प काही मिनिटांत लिहून देतात. असा प्रकल्प कितीही सुबक दिसला तरी त्याच्या गरजा कोणाच्याही नसतात, म्हणून त्या बदलतही नाहीत. प्रकल्पाचा विषय निवडताना गरज कोणाची तरी खरी असावी आणि सत्र संपण्याआधी ती हलावी, एवढ्या दोनच कसोट्या मी लावल्या.

विषय : द्राक्षबागेची फवारणी नोंद

निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्ष बागायतदारांना फवारणीची नोंद ठेवावी लागते, आणि निर्यातीचा माल असेल तर ती अत्यंत काटेकोर ठेवावी लागते. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, आणि त्या हंगामाचा फटका नाशिकच्या बागायतदारांना आजही आठवतो. प्रत्येक औषधाला काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी असतो. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किमान इतके दिवस गेले पाहिजेत, असा त्याचा अर्थ. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र शिफारस केलेल्या औषधांची यादी मात्रा आणि प्रतीक्षा कालावधीसह प्रसिद्ध करते, आणि ती यादी वेळोवेळी सुधारली जाते.

बहुतेक बागांत ही नोंद वहीत असते. कोणत्या प्लॉटवर, कोणत्या दिवशी, कोणते औषध, किती मात्रेने, किती पाण्यात मारले, एवढेच त्या वहीत असते. विद्यार्थ्यांनी ही वही मोबाइलवर आणायची होती. औषधाचे नाव टाकताच त्या प्लॉटची काढणी कोणत्या तारखेनंतर चालेल, हे प्रणालीने सांगावे आणि निर्यातदाराला देण्याजोगा अहवाल तयार करावा, एवढी सुरुवातीची मागणी होती. वर्गातील सर्व गटांना हेच काम देण्यात आले. निफाड तालुक्यातील एका बागायतदारांनी आपली आधीच्या हंगामाची वही विद्यार्थ्यांसमोर ठेवली आणि सत्रभर प्रश्नांची उत्तरे द्यायचे मान्य केले. प्रकल्पाचे सर्वांत मोठे भांडवल त्यांचा हा वेळ होता, असे मी मानतो.

पहिल्याच भेटीत एक गोष्ट स्पष्ट झाली. विद्यार्थ्यांनी सगळे प्रश्न तारखांत विचारले आणि बागायतदारांनी सगळी उत्तरे दिवसांत दिली. द्राक्षबागेत काळ मोजला जातो तो गोडी छाटणीपासून, म्हणजे फळांसाठी केल्या जाणाऱ्या छाटणीपासून. ‘चाळिसाव्या दिवशी काय मारलं’ असे विचारले की शेतकऱ्याला लगेच सांगता येते, ‘२० नोव्हेंबरला काय मारलं’ असे विचारले की तो वही उघडतो. छाटणीचा दिवस शून्य धरायचा की पहिला, याबद्दल विद्यार्थ्यांनी आसपासच्या बागायतदारांकडे विचारणा केली तेव्हा दोन्ही रीती आढळल्या. गरजा गोळा करणे म्हणजे नेमके काय, हे त्या एका प्रश्नाने जेवढे शिकवले तेवढे माझ्या व्याख्यानांतून शिकवता आले नसते.

कामाचे नियम

प्रत्येक गट चौघांचा होता. कोड गिटवर ठेवणे सक्तीचे होते. गिट हे साधन २००५ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या विकासासाठी लिहिले. शेकडो लोकांचे बदल एकत्र आणताना कोणी, कधी, काय बदलले याचा माग राहावा ही त्यामागची गरज होती, आणि चौघांच्या गटालाही तोच माग उपयोगी पडतो. मुख्य शाखेत, म्हणजे कोडच्या सामाईक प्रतीत, थेट बदल करायचा नाही, दुसऱ्या सदस्याने वाचून मान्यता दिल्यावरच मर्ज करायचे, म्हणजे बदल तिच्यात मिसळायचा, असा नियम होता. सुरुवातीचे काही आठवडे त्याचे पालन नावापुरते झाले. एकाच विद्यार्थ्याच्या नावावर रात्री उशिरा मोठमोठे कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, पडत आणि दुसरा सदस्य न वाचता मान्यता देई.

सर्वांत महत्त्वाचा नियम सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर केला होता. सत्राच्या मध्यावर प्रत्येक गटाने आपला कोड दुसऱ्या गटाला द्यायचा आणि उरलेले सत्र दुसऱ्याच्या कोडवर काम करायचे. हस्तांतरानंतर तोंडी समजावून सांगायला बंदी होती. प्रश्न लेखी विचारायचा, आणि त्याचे उत्तर केवळ विचारणाऱ्याला न देता रीडमी फाइलमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या माहितीपत्रात, किंवा कोडमध्येच अशा प्रकारे घालायचे की पुढच्या माणसाला तो प्रश्न पडू नये. येथे ज्याचा अभ्यास केला आहे तो कोड ‘अ’ गटाने लिहिला आणि ‘ब’ गटाकडे गेला.

हस्तांतरानंतर

‘अ’ गटाची प्रणाली वर्गात सर्वांत पुढे होती. पडदे नीटनेटके होते, मराठी मजकूर व्यवस्थित होता, प्रात्यक्षिकाला काही अडले नाही. ‘ब’ गटाने काम हाती घेतल्यावर आधी बागायतदारांच्या वहीतील मागच्या हंगामाच्या नोंदी त्या प्रणालीत भरल्या, आणि पहिल्याच आठवड्यात काढणीची तारीख चुकलेली आढळली.

कारण शोधायला वेळ लागला. डेटाबेसमध्ये फवारणीची तारीख मजकूर म्हणून, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशा क्रमाने साठवली होती. शेवटची फवारणी शोधण्यासाठी त्या स्तंभाची क्रमवारी लावली जात होती. मजकूर म्हणून पाहिले तर ‘०५-०२’ हे ‘२८-०१’ च्या आधी येते. त्यामुळे प्रणालीच्या दृष्टीने २८ जानेवारीची फवारणी शेवटची ठरली आणि ५ फेब्रुवारीची आधीची. प्रतीक्षा कालावधी आठ दिवस आधीपासून मोजला गेला, म्हणजे काढणीला आठ दिवस आधी हिरवा कंदील मिळाला. निर्यातीच्या मालात या आठ दिवसांचा अर्थ काय होतो, हे बागायतदारांनी विद्यार्थ्यांना सांगितले तेव्हा प्रयोगशाळेत कोणीही बोलत नव्हते.

ही चूक ‘अ’ गटाला दिसली नाही, कारण त्यांनी चाचणीसाठी बनवलेल्या सगळ्या नोंदी एकाच महिन्यातल्या होत्या. महिना ओलांडला की जे मोडते, ते महिन्याच्या आत कधीच मोडत नाही. इथे मला ‘ब’ गटाची पद्धत विशेष उल्लेखनीय वाटते. त्यांनी कोडला हात लावण्याआधी वहीतल्या त्या दोन नोंदींवरून एक स्वयंचलित चाचणी लिहिली, ती अपयशी ठरते हे दाखवले, आणि मगच स्तंभाचा प्रकार बदलला. त्या दिवसापासून ती चाचणी कोडबरोबर राहिली. पुढे कोणी तीच चूक पुन्हा केली तर ती दुसऱ्या मिनिटाला कळेल.

मात्रेच्या एककांबाबतही असाच प्रश्न निघाला. एका पडद्यावर मात्रा लिटरला किती मिली अशी घेतली होती आणि अहवालात ती एकराला किती अशी छापली जात होती, तर शिफारशीत काही ठिकाणी ती हेक्टरला दिलेली असते, आणि एक हेक्टर म्हणजे सुमारे २.४७ एकर. १९९९ साली मंगळाजवळ पोहोचलेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान एका प्रोग्रॅमने पाउंड-सेकंदांत दिलेले आकडे दुसऱ्याने न्यूटन-सेकंद समजून वापरल्यामुळे नष्ट झाले, हे उदाहरण मी वर्गात सांगितले होते. ‘ब’ गटाने प्रत्येक मात्रेसोबत तिचे एकक वेगळ्या स्तंभात साठवले आणि हा प्रश्न तिथेच मिटला.

बदललेली गरज

खरी परीक्षा ऑक्टोबरमध्ये आली. ‘ब’ गटाचे विद्यार्थी पुन्हा बागेत गेले तेव्हा छाटणी चालू होती. त्यांनी प्लॉटच्या छाटणीची तारीख विचारली, तेव्हा बागायतदार म्हणाले, “कुठली सांगू? रस्त्याकडचा निम्मा प्लॉट मागच्या आठवड्यात झाला, विहिरीकडचा आज चाललाय.”

“पण काका, प्लॉट तर एकच आहे ना?” गटातील विद्यार्थिनीने विचारले.

“नोंदणीला एकच. छाटणीला दोन. पेठ-सुरगाण्याकडची माणसं जेवढी मिळतील तेवढं होतं, आणि मधेच पाऊस आला की थांबावं लागतं.”

‘अ’ गटाच्या रचनेत प्लॉट नावाचे एक टेबल होते आणि त्यात छाटणीच्या तारखेचा एकच स्तंभ होता. छाटणीनंतरचा दिवस काढणारे गणित फवारणीच्या पडद्यावर, इतिहासाच्या यादीत, अहवालात, स्मरणपत्राच्या संदेशात आणि आणखी काही ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिलेले होते. दोन ठिकाणी छाटणीचा दिवस शून्य होता, उरलेल्या ठिकाणी एक. जी गोष्ट एका वाक्यात सांगता येते, ती कोडमध्ये विखुरलेली होती.

१९७२ साली संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पारनास यांनी एका शोधनिबंधात असे मांडले की प्रोग्रॅमचे भाग पाडताना कामाच्या टप्प्यांप्रमाणे पाडू नयेत. जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, ते हेरून असा प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या आत झाकून ठेवावा, म्हणजे तो बदलला तरी बाकीच्यांना कळण्याचे कारण राहत नाही. हे तत्त्व पाठ्यपुस्तकांत असते आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो. परंतु कोणता निर्णय बदलेल हे आधी कसे ओळखायचे, हा त्यातला अवघड भाग आहे, आणि त्याचे उत्तर कोडमध्ये सापडत नाही. ते छाटणीचा दिवस नेमका कसा ठरतो हे ठाऊक असलेल्या माणसाकडे असते. ‘अ’ गटाने त्या पहिल्या भेटीत ‘छाटणी कधी करता’ असे विचारले होते, ‘छाटणी किती दिवस चालते’ असे विचारले नव्हते.

‘ब’ गटात यावर दोन मते पडली. एका विद्यार्थ्याचे म्हणणे होते की एका प्लॉटचे दोन प्लॉट करून टाकावेत, म्हणजे कोडला हातही लावावा लागणार नाही. उपाय तात्काळ होता आणि प्रात्यक्षिकात चालला असता. गटातील विद्यार्थिनीने विचारले की निर्यातदाराच्या अहवालात मग काय छापणार, कारण निर्यातीसाठी बागेची नोंदणी संपूर्ण प्लॉटच्या नावाने झालेली असते आणि क्षेत्रही तेच धरले जाते. या चर्चेत फळ्यावर त्यांनी आलेला कोड वाचून डेटाबेसमधील टेबलांची आकृती काढली. सबमिशनसाठी नव्हे, तर आपापसातला वाद मिटवण्यासाठी काढलेली ती त्यांची पहिली आकृती होती, आणि तिच्यात प्रत्येक रेषेला अर्थ होता. आकृत्यांच्या सरावाला अशा प्रकल्पात वेळ मिळत नाही, हा काही सहकाऱ्यांचा आक्षेप मला मान्य नाही, तो या प्रसंगामुळे.

शेवटी प्लॉटखाली ‘भाग’ असे नवे टेबल करायचे ठरले. प्रत्येक भागाला स्वतःचे क्षेत्र आणि स्वतःची छाटणीची तारीख, आणि फवारणी प्लॉटवर किंवा भागावर नोंदवण्याची सोय. मात्र हे एका झटक्यात करायचे नाही, यावर मी आग्रह धरला. पहिल्या टप्प्यात दिवस मोजण्याचे सगळे विखुरलेले गणित एका फंक्शनमध्ये आणायचे. शून्य की एक हा प्रश्न बागायतदारांना विचारून त्यांच्या रीतीप्रमाणे तिथेच सोडवायचा. एवढाच बदल मर्ज करून सगळ्या चाचण्या पुन्हा चालवायच्या. दुसऱ्या टप्प्यात नवे टेबल आणायचे आणि प्रत्येक जुन्या प्लॉटसाठी संपूर्ण क्षेत्राचा एकच भाग आपोआप तयार करायचा, म्हणजे जुन्या नोंदी जशाच्या तशा राहतील. तिसऱ्या टप्प्यात जुना स्तंभ काढून टाकायचा. विद्यार्थ्यांना पहिला टप्पा वेळेचा अपव्यय वाटला, कारण त्यातून पडद्यावर नवे काहीही दिसत नव्हते. दुसरा टप्पा अपेक्षेपेक्षा फार लवकर संपला तेव्हा त्यांना पहिल्याचा उपयोग कळला.

तिसरा टप्पा अडला. स्मरणपत्राच्या संदेशाचा कोड कोणालाच कळेना, आणि दिवाळीची सुट्टी तोंडावर होती. ‘अ’ गटातील ज्या विद्यार्थ्याने तो लिहिला होता त्याला काही दिवस आमच्या गटात द्या, अशी विनंती त्यांनी केली. ती मी नाकारली. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी लांबतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली मांडलेले निरीक्षण इथे तंतोतंत लागू होते. नव्या माणसाला काम समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि बोलण्याचे मार्ग वाढतात. चौघांत जोड्या सहा होतात, पाच जणांत दहा. शिवाय तो विद्यार्थी येऊन स्वतःच दुरुस्ती करून गेला असता आणि कोड पूर्वीइतकाच अनाकलनीय राहिला असता. त्यांनी लेखी प्रश्न विचारले, ‘अ’ गटाला उत्तर लिहिताना आपलाच कोड पुन्हा वाचावा लागला, आणि उत्तरादाखल त्यांनी चलांची नावे बदलून एक छोटी दुरुस्ती पाठवली, जी ‘ब’ गटाने वाचून मर्ज केली. न वाचता मान्यता देण्याची सवय त्या वेळेपर्यंत दोन्ही गटांत सुटली होती.

गुणदान

कोड देणाऱ्या गटाचे गुण घेणाऱ्या गटाच्या यशावर ठरावेत, या कल्पनेवर विद्यार्थ्यांचा एक आक्षेप न्याय्य होता. “सर, त्यांना आमचा कोड समजला नाही तर आमचे मार्क का जावेत?” म्हणून घेणाऱ्या गटाच्या यशावर देणाऱ्या गटाचे गुण ठेवले नाहीत. प्रयोगशाळेतील एका कोऱ्या संगणकावर केवळ रीडमी वाचून प्रणाली चालू होते का, चाचण्या चालतात का, एवढे मी स्वतः तपासले. वैयक्तिक गुणांसाठी वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, संगणकासमोर घेतला. प्रत्येक विद्यार्थ्याला गटातील दुसऱ्या सदस्याने लिहिलेल्या फाइलमध्ये एक छोटा बदल करायला सांगितला, उदाहरणार्थ प्रतीक्षा कालावधी संपायला तीन दिवस उरले की नोंदीचा रंग बदलावा. छपाई आणि बाइंडिंगची वाटणी करणाऱ्या गटांना हा वायवा जड गेला. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरायला बंदी नव्हती. ज्याने त्या साधनाकडून आलेला कोड वाचला होता त्याला बदल जमला, ज्याने वाचला नव्हता त्याला जमला नाही, आणि त्यासाठी वेगळा नियम करावा लागला नाही.

ही पद्धत शिक्षकाचा वेळ पुष्कळ घेते. लेखी प्रश्नांवर नजर ठेवावी लागते, मर्ज कसे झाले ते वाचावे लागते, आणि बागायतदारांच्या सोयीने भेटी ठरवाव्या लागतात, ज्या छाटणीच्या धामधुमीत सहजी मिळत नाहीत. जर्नल आणि अंतर्गत परीक्षांच्या वेळापत्रकात हे बसवणे सोपे नाही. तरी एका अर्ध्या सत्राचे हस्तांतर हा त्यातला भाग मी कोणत्याही परिस्थितीत सोडणार नाही. बागायतदार उपलब्ध नसतील तर वही पुरेल, गिट नसेल तर पेन ड्राइव्हवरही भागेल, पण कोड दुसऱ्याच्या हाती गेलाच पाहिजे.

पहिल्या सत्राच्या वेळापत्रकाला एक मर्यादा मात्र आहे. नोव्हेंबरअखेर परीक्षा येते आणि निफाड-दिंडोरीची काढणी प्रामुख्याने जानेवारीनंतर होते, म्हणजे ज्या तारखेसाठी हा सगळा हिशेब मांडला ती प्रत्यक्ष येईपर्यंत विद्यार्थी पुढच्या विषयांत गेलेले असतात. म्हणून दुसऱ्या सत्रात इच्छुक विद्यार्थ्यांना त्याच कोडवर काम चालू ठेवू दिले आणि पुढच्या तुकडीला तो नव्याने न लिहिता तसाच पुढे देण्याचे ठरले. ‘ब’ गटाने उरलेल्या कामांची जी यादी त्याच्याबरोबर ठेवली आहे, तिच्यात पहिली नोंद अशी आहे : शेतकरी एकाच टाकीत दोन औषधे मिसळून मारतात, सध्याच्या रचनेत एका फवारणीला एकच औषध आहे. दुसरी नोंद शिफारशीच्या यादीबद्दल आहे. हंगामाच्या मध्यावर एखाद्या औषधाचा प्रतीक्षा कालावधी बदलला, तर आधी झालेल्या फवारणीला जुना कालावधी लावायचा की नवा, हे निर्यातदाराला विचारल्याशिवाय कोड लिहू नये, असे त्यांनी तिथे स्पष्ट लिहून ठेवले आहे.